कॉलेजचं ग्रंथालय नीट वापरायचं कसं? एका ग्रंथपालाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. ग्रंथालयात जाऊन काउंटरवर पुस्तकाचं नाव सांगतो, मिळालं तर घेतो, नाही तर परत येतो. तिथे याहून बरंच काही असतं असं पुढच्या वर्गातली मुलं सांगतात. पण नेमकं काय असतं आणि सुरुवात कुठून करायची?

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मुख्य गोष्ट आधीच सांगते. ग्रंथालयात पुस्तकाचं नाव घेऊन जाण्यापेक्षा आपला प्रश्न घेऊन जायला लागा. नाव सांगितलंत की उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच येणार. प्रश्न सांगितलात तर त्याच विषयावरची चार वेगळी पुस्तकं, दोन लेख आणि एखादा कोश पुढे येतो. त्यासाठी दोन गोष्टी शिकून घ्यायच्या: पुस्तकं कोणत्या क्रमाने लावलेली असतात आणि मदत कशी मागायची. या दोन्ही गोष्टी पहिल्या सत्रातच जमण्यासारख्या आहेत.

आधी एकदा काहीच नको असताना तासभर फिरून या. देवघेव विभाग कुठे आहे, संदर्भ विभाग कुठे, नियतकालिकं कुठे मांडतात, वाचनकक्षात किती वाजेपर्यंत बसता येतं, तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी, पाहायचे संगणक कुठे ठेवलेत, एवढं पाहून ठेवा. पुस्तकं किती आणि किती दिवसांसाठी मिळतात, मुदत कशी वाढवायची, उशीर झाला किंवा पुस्तक हरवलं तर काय, हे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. मित्राच्या ऐकीव माहितीवर न जाता नियमपत्रक मागून घेऊन वाचा. आपलं कार्ड दुसऱ्याला देऊ नका. त्यावर नेलेल्या पुस्तकाची जबाबदारी तुमचीच असते. आणि एक गोष्ट नक्की विचारा: ग्रंथदालन मुक्तद्वार आहे का, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतः मांडणीपर्यंत जाऊ देतात का? देत असतील तर तुम्ही नशीबवान आहात. बंदिस्त पद्धत असेल तरी पुढचं सगळं लागू पडतं, फक्त तालिकेवर जास्त विसंबावं लागतं.

आता क्रमाकडे येऊ. पुस्तकाच्या कण्यावर खालच्या बाजूला एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर आकडे व अक्षरं असतात. तो बोधांक. तो म्हणजे पुस्तकाचा पत्ता. पुस्तकाला आणखी एक क्रमांक असतो, दाखल क्रमांक. तो त्या विशिष्ट प्रतीचा असतो, हिशेबासाठी. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर दाखल क्रमांक पाच वेगळे, पण बोधांक मात्र एकच. मांडणीवर शोधताना दाखल क्रमांकाचा काही उपयोग नसतो, आणि नेमका तोच लिहून घेऊन फिरणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

बोधांकाचा पहिला भाग म्हणजे विषयाचा वर्गांक. बऱ्याच महाविद्यालयांत तो अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणानुसार दिलेला असतो. ही पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुधारणा होत होत आजही वापरात आहे. सगळं ज्ञान ००० ते ९९९ या आकड्यांमध्ये दहा मुख्य वर्गांत विभागलेलं आहे. १५० मानसशास्त्र, ३३० अर्थशास्त्र, ५१० गणित, ५३० भौतिकशास्त्र, ५४० रसायनशास्त्र, ६१० वैद्यक, ६५८ व्यवस्थापन. मराठी साहित्य ८९१.४६ ला सापडतं आणि मराठी भाषेविषयीची पुस्तकं ४९१.४६ ला. आपल्या अभ्यासक्रमातल्या प्रत्येक विषयाचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सुरुवातीला तेवढा पाठ झाला तरी पुरे. काही ग्रंथालयांत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत असते, काही ठिकाणी इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी, अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाची पद्धत. चिठ्ठीवर अक्षरं आधी दिसली तर गोंधळू नका, आपल्याकडे कोणती पद्धत आहे ते विचारा.

आकडा वाचताना पहिल्या तीन अंकांनंतरचा भाग दशांश म्हणून वाचायचा असतो. ५१२.१५ हे ५१२.७ च्या आधी येतं, कारण .१५ हे .७ पेक्षा लहान. 'पंधरा' आणि 'सात' असं वाचलंत तर पुस्तक समोरच्या फळीवर असूनही दिसणार नाही. वर्गांकाखाली साधारणपणे लेखकाच्या आडनावाची पहिली काही अक्षरं किंवा अक्षर आणि आकडे असतात. एकाच विषयाची पुस्तकं त्यानुसार आपसांत लागतात. वर 'आर' किंवा 'संदर्भ' लिहिलेलं असेल तर ते पुस्तक सामान्य रांगेत नसून संदर्भ विभागात असणार. मोठ्या आकाराची पुस्तकंही कित्येकदा वेगळ्या फळीवर ठेवतात.

ड्यूई पद्धतीची एक खोड लक्षात आली की शोध एकदम सोपा होतो. ती पुस्तकं ज्ञानशाखेनुसार लावते, वस्तूनुसार लावत नाही. 'पाणी' हा विषय घ्या. पाण्याच्या वापराचं अर्थकारण आणि नियोजन ३३३.९१ ला जातं. पाण्याचा भूपृष्ठावरचा प्रवास, म्हणजे जलविज्ञान, ५५१.४८ ला. शहराच्या पाणीपुरवठ्याचं अभियांत्रिकी अंग ६२८.१ ला, आणि धरणांची बांधणी ६२७.८ ला. पाण्यावर प्रकल्प करणारा विद्यार्थी यापैकी एकाच फळीपुढे उभा राहिला आणि 'आपल्याकडे फारसं काही नाही' म्हणून परत गेला, तर ग्रंथालयातला मोठा भाग त्याने पाहिलेलाच नसतो. ही विखुरलेली ठिकाणं एकत्र दाखवण्यासाठी ड्यूईंनी पहिल्या आवृत्तीपासूनच विषयांची अनुक्रमणिका जोडली होती. तुम्हाला ती अनुक्रमणिका उघडायची गरज नाही. संगणकावरच्या तालिकेत विषयाचा शब्द टाका आणि आलेल्या नोंदींचे बोधांक नुसते नजरेखालून घाला. कोणकोणत्या आकड्यांना आपला विषय आहे ते लगेच दिसतं. मग त्या प्रत्येक फळीपाशी जा आणि शेजारची पुस्तकंही काढून बघा. मागची सूची, अनुक्रमणिका, प्रकाशनाचं वर्ष एवढं चाळलं तरी पुस्तक आपल्या कामाचं आहे की नाही ते कळतं. मला विचाराल तर मुक्तद्वार ग्रंथालयाचा सर्वांत मोठा फायदा हाच: ज्याचं नावही ठाऊक नव्हतं ते पुस्तक शेजारी सापडतं.

तालिका, म्हणजे ओपॅक, हे दुसरं साधन. बहुतेक विद्यार्थी तिथे पुस्तकाचं पूर्ण नाव टाकतात, एक अक्षर चुकतं आणि 'नोंद नाही' असं येतं. नावातला एखादा ठळक शब्द आणि लेखकाचं आडनाव एवढंच टाका. मराठी पुस्तकांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. काही तालिकांत मराठी नोंदी देवनागरीत असतात, काहींत रोमन लिपीत, काहींत दोन्ही मिसळून. रोमनमध्ये असतील तर स्पेलिंगचा भरवसा नाही. 'ज्ञान' हा एकच शब्द कुणी 'डी-एन' ने सुरू करतं, कुणी 'जे-एन' ने, कुणी 'जी-वाय' ने. दोन-तीन प्रकारे शोधून पाहा. तरीही नाही मिळालं तर बोधांकाने शोधा. ८९१.४६ टाकलं की मराठी साहित्याच्या नोंदी स्पेलिंग काहीही असलं तरी समोर येतात.

विषयाने शोधताना आपला शब्द आणि तालिकेचा शब्द एकच असेल असं धरून चालू नका. तालिकाकार ठरलेल्या विषयशीर्षकांच्या यादीतून शब्द निवडतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत स्वयंपाकाच्या पुस्तकांना २०१० पर्यंत 'कुकरी' असं शीर्षक होतं, नंतर ते 'कुकिंग' झालं. वैद्यकीय लेखांच्या यादीत 'हार्ट अटॅक' ऐवजी 'मायोकार्डिअल इन्फार्क्शन' हे अधिकृत शीर्षक आहे. यावर उपाय सोपा आहे. आपल्या शब्दाने शोधून कामाचं एक तरी पुस्तक मिळवा, त्याची पूर्ण नोंद उघडा आणि तिथे दिलेल्या विषयशीर्षकावर क्लिक करा. मग त्या शीर्षकाखालचं सगळं मिळतं.

तालिकेत पुस्तक 'उपलब्ध' दिसतं पण फळीवर नसतं, हा अनुभव तुम्हाला येणारच. आधी वरखाली आणि डावीउजवीकडे एक-एक फळी बघा, मग वाचनकक्षाची टेबलं आणि परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली. तरी नसेल तर देवघेव विभागात बोधांकासकट सांगा. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या दृष्टीने हरवल्यातच जमा असतं, म्हणून अशी तक्रार आली की आम्हाला मदतच होते. वाचून झालेलं पुस्तक स्वतः फळीवर लावू नका, टेबलावरच ठेवा. अनेक ग्रंथालयांत टेबलावर वापरलेल्या पुस्तकांचीही नोंद होते आणि कोणत्या विषयाच्या प्रती वाढवायच्या हे ठरवताना ती नोंद उपयोगी पडते.

यानंतरची गोष्ट सर्वांत कमी वापरली जाते आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे: ग्रंथपालाला विचारणं. मुलं संकोचतात. आपला प्रश्न फार साधा आहे किंवा समोरची व्यक्ती कामात आहे असं त्यांना वाटतं. पण प्रश्न विचारला जाणं हाच आमच्या कामाचा गाभा आहे. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. तुम्ही न विचारता तासभर धुंडाळत राहिलात तर तो वेळ वाचवण्याची संधीच आम्हाला मिळत नाही.

कसं विचारायचं तेही सांगते. 'मानसशास्त्राची पुस्तकं कुठे आहेत?' असं विचारलंत की बोट १५० च्या फळीकडे जाणार आणि संवाद तिथेच संपणार. त्याऐवजी असं सांगा: 'परीक्षेच्या ताणामुळे झोपेवर काय परिणाम होतो यावर मला दहा मिनिटांचं सादरीकरण करायचं आहे. पुढच्या आठवड्यात आहे. एक पाठ्यपुस्तक पाहिलं, त्यात झोपेवर दोनच पानं आहेत.' आता समोरच्याला कळतं की झोपेचं मानसशास्त्र १५४.६ ला बघायला हवं, मज्जासंस्थेचं शरीरक्रियाशास्त्र ६१२.८ ला, परीक्षापद्धतीवरची पुस्तकं ३७१.२६ ला, आणि इतका नेमका विषय असेल तर पुस्तकांपेक्षा नियतकालिकांतले लेख जास्त उपयोगी पडतील. काय हवंय, कशासाठी, किती खोलात, कधीपर्यंत आणि आतापर्यंत काय पाहिलं, एवढं सांगितलंत की पुरे. देवघेवीच्या काउंटरवर गर्दी असते, तिथे असा संवाद होत नाही. संदर्भ विभागात या, दुपारच्या मोकळ्या वेळी या, किंवा ग्रंथपालांची वेळ घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र कुणालाच निवांतपणा नसतो.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत म्हणून तिकडे फिरकायचंच नाही, असं करू नका. नवा विषय हातात आला की पहिली वीस मिनिटं विषयकोशाला, म्हणजे त्या विषयाच्या ज्ञानकोशाला द्या. संकल्पना, तिचा इतिहास, महत्त्वाची नावं आणि शेवटी वाचनाची छोटी यादी, हे सगळं तज्ज्ञाने लिहिलेल्या दोन-तीन पानांत मिळतं. शोधासाठी योग्य शब्दही तिथेच सापडतात. वार्षिकं, नकाशासंग्रह, शब्दकोश, सांख्यिकीचे अहवाल यांतला आकडा उचलताना मात्र तो कोणत्या वर्षाचा आहे ते सोबत लिहून घ्या.

नियतकालिकांचे नवे अंक मांडणीवर असतात, जुन्या वर्षांचे बांधीव खंड करून ठेवतात. आता बरंचसं काम ई-नियतकालिकं आणि डेटाबेस, म्हणजे लेख शोधायचे ऑनलाइन संग्रह, यांवर होतं. त्यांची वर्गणी महाविद्यालय भरतं, पण प्रवेश आपोआप मिळतोच असं नाही. काही ठिकाणी महाविद्यालयाच्या नेटवर्कवर असताना थेट उघडतं, काही ठिकाणी वेगळं लॉगइन लागतं आणि ते ग्रंथालयातून मागून घ्यावं लागतं. घरून वापरता येतं का, हे पहिल्याच महिन्यात विचारा. प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री लॉगइन मागणाऱ्यांसाठी फारसं काही करता येत नाही.

डेटाबेसमध्ये संपूर्ण वाक्य टाकून शोधू नका. प्रश्नातल्या दोन-तीन मुख्य कल्पना वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचे पर्यायी शब्द लिहा. किशोरवयीनांची झोप हा विषय असेल तर 'अ‍ॅडोलसंट' किंवा 'टीनेजर', आणि सोबत 'स्लीप'. पर्यायी शब्दांमध्ये 'ऑर', वेगळ्या कल्पनांमध्ये 'अँड', आणि पर्यायांच्या गटाला कंस. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर अवतरणचिन्हांत घाला. अनेक डेटाबेसमध्ये शब्दाच्या मुळापुढे तारांकन टाकलं की त्याची सगळी रूपं शोधली जातात. निकाल हजारांत आले तर एखादी कल्पना वाढवा, दोन-चारच आले तर एखादी काढा. मग आधी आढावा लेख शोधा. आधीच्या संशोधनाचा गोषवारा त्यात एकत्र मिळतो. चांगला लेख हाती लागला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा, आणि त्याचा उल्लेख नंतर कुणी केलाय ते पाहत पुढे या. गूगल स्कॉलर या लेख शोधायच्या मोफत साधनात नोंदीखाली हे पुढचे उल्लेख दिसतात.

लेख उघडायला पैसे मागितले तर लगेच भरू नका. तोच लेख ग्रंथालयाच्या वर्गणीतून मिळत असेल, लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात मोफत ठेवलेला असेल, किंवा दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येईल. त्यासाठी लेखाचा डीओआय, म्हणजे १० ने सुरू होणारा कायमचा ओळखक्रमांक, ग्रंथपालांना द्या. मुक्त प्रवेशाची नियतकालिकं शोधायला डीओएजे ही २००३ पासूनची निर्देशिका चांगली आहे. नियतकालिक तिच्यात आहे का हे पाहिलं की केवळ पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून बराच बचाव होतो.

काही सेवा न विचारल्यामुळेच पडून राहतात. बाहेर गेलेलं पुस्तक आरक्षित करता येतं. आपल्याकडे नसलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून येऊ शकतं, फक्त त्याला वेळ लागतो. पुस्तक पेढी असेल तर पाठ्यपुस्तकांचा संच सत्रभर मिळतो. तिचे अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच भरायचे असतात. जुन्या प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम, आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि प्रबंध बहुतेक ठिकाणी पाहायला मिळतात. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत स्क्रीनरीडर किंवा अक्षरं मोठी करणारं यंत्र ग्रंथालयात असू शकतं. नसेल तर लेखी मागणी करा, आणि मित्रासाठी करायची असली तरी संकोचू नका. पुस्तक खरेदीची शिफारसही विद्यार्थी करू शकतो. शीर्षक, लेखक, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक) आणि कोणत्या विषयासाठी हवं ते लिहून द्या. प्रत्येक आवृत्तीचा आयएसबीएन वेगळा असतो, आणि २००७ पासून तो १० ऐवजी १३ अंकी झाला आहे. त्यामुळे जुन्या प्रतीवरचा क्रमांक पाहून नवी आवृत्ती मागवायला जाऊ नका. अशा शिफारशींतून आलेली पुस्तकं जास्त वाचली जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

वाचतानाच नोंद करायची सवय लावा. लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, पान आणि बोधांक. बोधांक लिहिलेला असला की सहा महिन्यांनी तेच पुस्तक दोन मिनिटांत पुन्हा हाती येतं. दुसऱ्याची वाक्यं वहीत उतरवताना त्यांना अवतरणचिन्हं तेव्हाच द्या. नंतर आपलं वाक्य कोणतं आणि त्यांचं कोणतं हे ओळखू येत नाही, आणि वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं हेतूपेक्षा अशा घाईतून घडतात. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते कसं वापरायचं, हे ग्रंथालयाच्या कार्यशाळेत शिकवत असतील तर जरूर बसा. तशी कार्यशाळा नसेल तर पाच-सहा जणांनी मिळून ग्रंथपालांकडे मागणी करा. मुलांनी स्वतःहून मागितलेल्या कार्यशाळेसाठी आम्ही आनंदाने वेळ काढतो.

शेवटच्या वर्षासाठी एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. महाविद्यालय सोडताना ग्रंथालयाचा ना-देय दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, लागतो, म्हणून पुस्तकं निकालाची वाट न पाहता वेळेत परत करा. ग्रंथालयाचं लॉगइन साधारण त्याच सुमारास बंद होतं. ओपॅकमध्ये केलेल्या याद्या आणि डेटाबेसमध्ये जतन केलेले शोध त्याआधी उतरवून घ्या, आणि माजी विद्यार्थ्यांना सभासदत्व किंवा निदान बसून वाचायची परवानगी मिळते का, हे देवघेव विभागात विचारून ठेवा.